चिमणी हा वारसा, मग साचा खात्याचे बंद दार का नाही?

जुन्या गिरण्या पाडून मॉल उभे राहिले, याचे दुःख आता सगळेच करतात. चिमण्यांचे फोटो छापून येतात. 'औद्योगिक वारसा' हा शब्दही रुळला आहे. आमचा सवाल साधा आहे. हा वारसा दगड-विटांचा, की तिथे राबलेल्या माणसांचा? माणसांचा असेल, तर त्यांची जात निघताच सगळे गप्प का होतात?

आधी जमिनीचा हिशेब पाहू. 1982 च्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि देशोधडीला लागले. 1991 च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. 2001 मध्ये सरकारने मेख मारली. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. शेड पाडून मोकळी होईल ती वाटणीबाहेर. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल उचलून धरला. मालकांना टॉवर मिळाले. घरांसाठी अर्ज केलेल्या कामगारांना आणि वारसांना सरकार आता मुंबईबाहेर शेलू-वांगणीची वाट दाखवते आहे.

हे फक्त मुंबईचे नाही. भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवरच्या नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, म्हणून हे नाव. विदर्भातल्या आपल्या माणसांना गावकीच्या कामातून सुटायची जी थोडी दारे उघडली, त्यांत या गिरण्या होत्या. आज त्या जागेवर 'एम्प्रेस सिटी' मॉल आहे. राणीची पदवी जपली गेली, मजुराचे नाव गेले.

आता जातीचे बोलू. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना साचा खात्यात, म्हणजे विणकामात, घेत नसत. कारण काय? धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या थुंकीने धागा विटाळेल, अशी सवर्ण कामगाराची भीती! पगार जास्त विणकामात, आणि आपल्या लोकांच्या वाट्याला कमी पगाराची खाती. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. मालक शोषक होताच. पण साचा खात्याचे दार अडवून उभा राहिलेला कामगारच होता. म्हणूनच 1938 मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले.

काही पुरोगामी मित्र म्हणतील, कामगार तो कामगार, आता जात उकरून काय मिळणार? मित्रांनो, जात आम्ही उकरलेली नाही. ती खात्याखात्यांत आणि पगारपत्रकात होती. गिरणीचा इतिहास सांगताना ती गाळणे म्हणजे ते दार दुसऱ्यांदा लावणे.

म्हणूनच इंदू मिलचा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे. चैत्यभूमीजवळची ही साडेबारा एकर जमीन कुणी दान दिलेली नाही. 6 डिसेंबर 2011 ला भीमसैनिक आत घुसले, 2012 मध्ये केंद्र सरकारला ती स्मारकासाठी देण्याची घोषणा करावी लागली, 2015 मध्ये भूमिपूजन झाले. त्यानंतर चर्चा चालते ती पुतळ्याच्या उंचीची आणि कामाच्या तारखांची. आम्हाला आणखी एक गोष्ट हवी आहे. हे स्मारक गिरणीच्या जमिनीवर उभे राहते आहे. तिथे गिरणी कामगारांचे, त्यांतल्या अस्पृश्य कामगारांचे आणि 1928 च्या त्या मागणीचे स्वतंत्र दालन असलेच पाहिजे. धोटा काचेत ठेवा. पण तो कुणाला हातात धरू दिला नाही, हेही खाली लिहा. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेने ठरवलेल्या वस्त्रोद्योग संग्रहालयाकडेही आमची हीच मागणी आहे.

आणि भंडाऱ्यातल्या तरुणांनो, सगळे सरकारवर सोडू नका. आपल्या जिल्ह्याचा कारखाना म्हणजे बिडी. तो घराच्या ओसरीवर चालला, आपल्या आया-आज्यांनी चालवला. 'जय भीम' हा अभिवादनाचा शब्द रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास एल. एन. बिडी कामगारांचेच संघटक होते. बिडीची जुनी गोदामे उद्या विकली जातील, तिथे मंगल कार्यालये आणि दुकानांचे गाळे होतील. ओसरीवर तर पाटीही लागणार नाही. त्याआधी आजीजवळ बसा. हजार बिड्यांना किती मिळत, खराब म्हणून किती बाजूला काढत आणि त्यांचे पैसे कोण खात होते, हे तिच्या तोंडून लिहून घ्या. मोबाइल खिशात आहेच, तिचा आवाज रेकॉर्ड करा. बिडी कामगारांची जुनी कार्डे रद्दीत घालू नका.

इमारत पाडायला एक दिवस पुरतो. आपला इतिहास आपण लिहून ठेवला नाही, तर तो पुसायला तेवढाही वेळ लागणार नाही.

जय भीम!