चातुर्मासात वाचलेल्या चार कादंबऱ्या



परवा मंदिरातून बाहेर पडताना एका ओळखीच्या काकूंना माझ्या पिशवीतलं पुस्तक दिसलं. म्हणाल्या, "या वयात कादंबऱ्या? विकथाच की गं ही!" मी नुसती हसले. स्त्रीकथा, भोजनकथा, देशकथा, राजकथा, या चारही विकथा आमच्या भिशीत चहा येईपर्यंत उरकलेल्या असतात, हे तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. म्हणून इथे लिहिते.

आपलं जेवण दिवस मावळायच्या आत आटोपतं, मग संध्याकाळ मोठी होते. टीव्हीचा रिमोट ह्यांच्या हातात. सामायिक, जाप झाला की मी वाचायला बसते. या चातुर्मासात चार पुस्तकं संपवली.

पहिली 'ययाति'. खांडेकर सांगलीत जन्मले, कोल्हापुरात राहिले, म्हणजे आपल्याच भागातले. या कादंबरीला 1974 चं ज्ञानपीठ मिळालं. मी बी.कॉम.ला असताना ती वाचून शर्मिष्ठेसाठी उशी भिजवली होती. आता मात्र देवयानीची बाजू घ्यावीशी वाटली. ती गर्विष्ठ आहे, जिभेने तिखट आहे, हे कबूल. पण नवरा आपल्याच दासीत गुंतलेला कळल्यावर बाईने काय आरती ओवाळायची? तिच्या रागाला कारण आहे. लेखकाला ते दिसतं, तरी माया सगळी शर्मिष्ठेच्या पदरात. आणि ययाति? उपभोग बापाने घेतला आणि बिल पुरूच्या नावाने फाडलं. आमच्या अकाउंटन्सीच्या सरांनी अशी नोंद लाल शाईने खोडली असती.

दुसरी सत्यजित राय यांची फेलूदाची रहस्यकथा, मूळ बंगाली 'शोनार केल्ला'. लहानग्या मुकुलला मागचा जन्म आठवतो, त्यात सोन्याचा किल्ला दिसतो, आणि सगळे राजस्थानात जैसलमेरपर्यंत धावतात. आपल्याला जातिस्मरण काही नवीन नाही, भवावलीच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. त्या गोष्टीत मागचा भव आठवला की वैराग्य येतं. इथे मात्र तो आठवला म्हणून चोर मागे लागतात! मजा आली, दोन बैठकीत संपवलं. तक्रार एकच, पुस्तकात बाईमाणूस जवळजवळ नाहीच. नातवाला दिलं आहे.

तिसरी नारळीकरांची 'वामन परत न आला'. जमिनीखाली फार जुन्या संस्कृतीचा ठेवा सापडतो आणि त्यातल्या माहितीवरून यंत्रमानव बनतो. विज्ञान मला झेपेल का अशी भीती होती, पण भाषा साधी आहे. माणसं मात्र पातळ वाटली. वामनच जास्त लक्षात राहिला.

आणि चौथी 'धग'. उद्धव शेळक्यांची, 1960 ची. वऱ्हाडी बोली आहे, पहिली वीस पानं मी अडखळत वाचली. कौतिकचा नवरा महादेव, शिंप्याच्या घरचा, पण कष्टाला नको. संसार तिनेच ओढायचा. मोलमजुरी, पोरांची पोटं, आणि त्यात नवऱ्याला महारोग. शेळके कुठेही रडत नाहीत, तिला देवीही करत नाहीत. ती खेकसते, पोरांवर हात उगारते. पैशापैशाला कठोर होते.

तिथे मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ बसून राहिले. मला सासूबाई आठवल्या.

माझं लग्न झालं तेव्हा मी पदवीधर, त्या चौथी पास. तरी भाजीचे पैसे परत आले की त्या पैसा न् पैसा मोजून घ्यायच्या, वहीत लिहायच्या. काडेपेटी किती दिवस पुरली तेही लिहायच्या. मला अपमान वाटायचा. माहेरी गेले की आईजवळ त्यांची नक्कल करायची, सगळ्या हसायच्या. मामंजींचं दुकान बुडालं होतं, ते पुढची कितीतरी वर्षं देणेकऱ्यांना तोंड न दाखवता माडीवर बसून असायचे, हे मला माहीत होतं. पण त्या काळात चार पोरांचं घर कोणी चालवलं, हा प्रश्न मी कधी विचारलाच नाही. त्यांनीही सांगितलं नाही. कौतिक तरी बोलते, आमच्या सासूबाई बोलायच्याही नाहीत. आता त्या नाहीत.

ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "आई लोकांच्या मिरच्या कांडून द्यायची." एवढंच. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

जाऊबाईंनी 'धग' मागितलं आहे. सुरुवातीची पानं मोठ्याने वाचा म्हणून सांगितलंय, कानावर पडली की बोली उलगडते. त्यांचं झालं की ज्यांना हवं असेल त्यांनी निरोप द्या, आधी मागेल तिला आधी मिळेल.