व्हायब्रेट मोड

सातवा महिना लागला की ऑफिसातला प्रत्येक जण गायनॅकॉलॉजिस्ट होतो. ‘शेवटी शेवटी बाळ हलायचं कमी होतंच गं, जागा कुठे असते त्याला?’ हे मी अकाउंट्सपासून कॅन्टीनपर्यंत सगळीकडे ऐकलंय. ऐकायला लॉजिकल वाटतं, पण साफ चूक! हालचालीची तऱ्हा बदलते, उड्यांच्या जागी ढुशा येतात. पण बाळ थेट डिलिव्हरीपर्यंत हलत राहतं.

सुरुवात मात्र गमतीशीर असते. 16 ते 24 आठवड्यांच्या मध्ये कधीतरी पोटात मोबाइल व्हायब्रेट झाल्यासारखं वाटतं. गॅसेस की बाळ, हे कळेपर्यंत माझे चार दिवस गेले. पहिल्या खेपेला विसाव्या आठवड्यानंतरही कळू शकतं. वार पुढच्या बाजूला असली तर सुरुवातीला कमी जाणवतं. 24 आठवडे होऊनही काहीच नसेल, तर डॉक्टरांना सांगायचं.

पुढे बाळाचं स्वतःचं टाइमटेबल बसतं. आमची स्वारी मीटिंगमध्ये गप्प आणि रात्री लाइट घालवला की धिंगाणा! बाळ झोपतंही, पण एका वेळी 20 ते 40 मिनिटं. दीड तासाच्या वर क्वचितच. ‘दहापर्यंत मोजा’ हा चार्ट 1976मध्ये कार्डिफमधून आला. आजही बरेच डॉक्टर डाव्या कुशीवर पडून दोन तासांत दहा हालचाली मोजायला सांगतात. पण सगळ्यांना लागू पडेल असा लाथांचा कोटा नसतो. आपल्या बाळाचं रोजचं काय, ते ओळखायचं. आकडा भरला तरी नेहमीपेक्षा कमी वाटलं, तर फोन करायचाच.

गेल्या महिन्यात ऐन प्रेझेंटेशनच्या दिवशी दुपारपर्यंत पोटात शांतता. ‘चॉकलेट खा, गार पाणी पी,’ सल्ले सुरू झाले. अशा उपायांवर भरवसा ठेवून वाट बघायची नसते. मी फोन केला, रिक्षा पकडली. पोटाला पट्टे बांधून एनएसटी झाली, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख. सगळं ठीक होतं. ‘उगाच त्रास दिला तुम्हाला,’ मी म्हटलं. डॉक्टर म्हणाल्या, ‘परत असं वाटलं तर परत ये. दहादा ये.’

कारण वारेतून पुरवठा कमी पडला तर बाळ ताकद वाचवायला हालचाल कमी करू शकतं. तेव्हा ‘उद्या बघू’ परवडत नाही. घरच्या डॉपलरवर ठोके ऐकूनही निश्चिंत व्हायचं नाही. ठोके चालू असले म्हणजे बाळ बरं आहेच, असं नव्हे.

तेव्हा मैत्रिणींनो, रात्रीचे दोन वाजलेले असोत की क्लायंट समोर बसलेला असो, उठा आणि हॉस्पिटलला फोन लावा. बॉसला मेल रिक्षातूनही टाकता येतो.