अनुदान संगणकाला, कुलूप समाजमंदिराला

वाचनालयात संगणक आला की आधी त्याला हार घालतात, मग प्लास्टिकचे कव्हर. आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या वाचनालयात हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. संगणक अनुदानातून आलेला, त्यावर अनुदानाचे वर्ष ऑइलपेंटने रंगवलेले, आणि तपासणीचा दिवस सोडला तर कव्हर कधी निघत नाही. वेबसाइटही होती. नूतनीकरणाचे पैसे कुणी भरले नाहीत, वर्षभरात ती बंद पडली. कागदावर मात्र ते वाचनालय ‘डिजिटल’ झालेले आहे.

म्हणून ग्रंथालयांच्या ऑनलाइन सेवेसाठी निधी द्या, अशी मागणी कुणी केली की आम्ही लगेच टाळ्या वाजवत नाही. निधी हवाच. पण तो कुणाच्या हातात पडतो आणि त्यातून कुणासाठी काय उघडते, हे आपण विचारायचे नाही तर कुणी विचारायचे?

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. इथे गावोगावची ग्रंथालये बहुतेक ठिकाणी संस्था चालवतात आणि सरकार अ, ब, क, ड असा दर्जा ठरवून अनुदान देते. दर्जा कशावरून ठरतो? पुस्तके किती, सभासद किती, दैनिके-नियतकालिके किती यावरून. म्हणजे ज्याच्या घरात आधीच धान्य आहे त्याच्याच पोत्यात आणखी ओतायचे. ज्या संस्थांची मुळे इंग्रजी अमदानीतल्या ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’पर्यंत जातात, त्यांच्याकडे भर बाजारपेठेत इमारत आहे, पिढ्यान्‌पिढ्या तीच आडनावे असलेले कार्यकारी मंडळ आहे, प्रस्ताव लिहिणारा माणूस आहे. आपल्याकडे विहारातली दोन कपाटे आहेत आणि जयंतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांची पुस्तके. त्यात २०१२ नंतर नव्या मान्यता आणि दर्जावाढ कितीतरी वर्षे थांबवून ठेवली गेली. याच काळात आपली पोरे वस्तीवस्तीत अभ्यासिका उभ्या करत होती. मान्यता नाही म्हणून अनुदान नाही, अनुदान नाही म्हणून पुस्तके वाढत नाहीत, आणि पुस्तके नाहीत म्हणून मान्यता नाही!

केंद्राचा पैसा येतो तो कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून. १९७२ पासूनची ही संस्था. तिच्या समान निधी आणि असमान निधी अशा योजना आहेत. पुस्तके, फर्निचर, साधनसामग्री, इमारत, ‘ज्ञान कोपरा’ अशा गोष्टींना त्यातून मदत मिळते. प्रस्ताव जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यामार्फत पाठवायचा, चार प्रतींत, इंग्रजी किंवा हिंदीत. मराठी वाचनालयाने, मराठी वाचकांसाठी, मराठी अधिकाऱ्याच्या टेबलावर इंग्रजी प्रस्ताव ठेवायचा. गाळणी इथेच लागते. जात विचारण्याची गरजच पडत नाही.

आणि गंमत बघा, राज्य सरकार दरवर्षी उत्कृष्ट ग्रंथालयांना जो पुरस्कार देते तो बाबासाहेबांच्याच नावाचा आहे.

४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले, असे त्यात होते. महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरी प्रत्यक्षात ते पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि हजारोंना चालत जावे लागले. ठराव आणि ओंजळ यांच्यातले हे अंतर आपल्याला माहीत आहे. ‘आमची ग्रंथसूची आता ऑनलाइन उपलब्ध आहे’ हा आजचा ठराव. ओंजळ कुठे आहे?

काही जण म्हणतील, प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणता, संगणक सर्वांचाच असतो. ठीक आहे. मग सांगा, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आपली मुलगी सायबर कॅफेत पैसे मोजून रांगेत का उभी राहते? अनुदानित वाचनालयात नेट आहे, प्रिंटर आहे, आणि दोन्ही कार्यालयाच्या खोलीत आहेत. अर्ज अपलोड करून देणे, जात पडताळणीची कागदपत्रे स्कॅन करून देणे ही आमच्या मते ग्रंथालयाची पहिली डिजिटल सेवा आहे. वेबसाइटवर अध्यक्षांचा फोटो नंतर टाका.

सॉफ्टवेअर महाग आहे ही सबबही आम्हाला पटत नाही. कोहा फुकट मिळते. सरकारच्या एनआयसीने ‘ई-ग्रंथालय’ बनवले आहे. पैसा लागतो तो माणसाला. हजारो पुस्तकांची नोंद करणारा, युनिकोडमध्ये टंकन जाणणारा, संध्याकाळी दार उघडे ठेवणारा ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर राबतो, आणि डिजिटल म्हणून येणारा निधी यंत्र विकणाऱ्याच्या बिलात जिरतो. ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या वेतनाची लढाई वेगळी आणि डिजिटल ग्रंथालयाची मागणी वेगळी, असे समजणाऱ्या कार्यकर्त्यांशी आमचा मतभेद आहे.

दुसरा प्रश्न, स्कॅन काय होणार? ‘दुर्मिळ ग्रंथ’ म्हटले की पेशवाईची बखर आठवते. आपल्या वस्त्यांत मात्र जलशांच्या वह्या, परिषदांची इतिवृत्ते, ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’चे पिवळे पडलेले अंक कुणाच्या तरी पत्र्याच्या पेटीत पावसाळे काढत आहेत. बाबासाहेबांच्या ग्रंथांची छपाई रखडली तेव्हा २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, तिथे या पेट्यांकडे आपोआप कुणी येईल ही आशा सोडा. आणि नुसते फोटो काढून पीडीएफ करून भागत नाही. मजकूर शोधता आला पाहिजे. गावाचे नाव टाकले की त्या गावचा सत्याग्रह समोर यायला हवा.

शेजारच्या कर्नाटकात १९६५ च्या कायद्याने ग्रंथालय उपकर आहे, आणि ग्रामपंचायतींची वाचनालये तिथे ‘अरिवु केंद्र’ म्हणून उभी राहत आहेत. आपल्या कायद्यात असा उपकर नाही. इथे सगळे अर्थसंकल्पाच्या मर्जीवर. उपकराची मागणी आपण रेटली पाहिजे. तोवर निदान दलित वस्ती सुधार योजनेतून बांधलेली समाजमंदिरे उघडा. इमारत सरकारी पैशाची, वीज आहे, आणि वर्षातले बहुतेक दिवस कुलूप. अनुदानित वाचनालयाची शाखा तिथे का नको? डिजिटल निधीतले दोन संगणक तिथे का नकोत?

आमच्या गटाने जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात चार गोष्टी मागायचे ठरवले आहे: गेल्या पाच वर्षांत कोणत्या वाचनालयांना संगणक व साधनसामग्रीसाठी पैसा मिळाला, त्यांतली किती अनुसूचित जातींच्या वस्त्यांत आहेत, किती प्रस्ताव कोणत्या कारणाने परत गेले, आणि घेतलेले संगणक वाचकांना वापरायला मिळतात काय. तुम्ही आपापल्या जिल्ह्यात हाच अर्ज टाका. इंग्रजी प्रस्तावाचा मसुदा लिहून द्यायला आमच्यातले दोघे तयार आहेत. पत्र्याची पेटी कुणाकडे असेल तर तीही कळवा, पाऊस लागायच्या आत.