पोलीस ठाण्यातले इंग्रजी शाळेत का नाही?

शेजाऱ्याने भर गल्लीत शिवीगाळ केली, कानाखाली मारली, वर ‘बघून घेईन’ असा दमही दिला. माणूस तिरमिरीत पोलीस ठाणे गाठतो. ठाणे अंमलदार सगळे ऐकून घेतो, लिहून घेतो, सही घेतो आणि एक कागद हातात ठेवतो. घरी गेल्यावर ‘तक्रार घेतली का?’ असे विचारले, की हा कागद पुढे होतो. आता पोलीस शेजाऱ्याला बोलावतील, या भरवशावर आठवडा जातो, महिना जातो. कुणी फिरकत नाही. कागदावर ‘एनसी’ असे लिहिलेले असते आणि ती दोन अक्षरे घरातल्या कुणालाच उलगडलेली नसतात.

एनसी म्हणजे नॉन-कॉग्निझेबल, अदखलपात्र. साधी मारहाण, शिवीगाळ, किरकोळ धमकी हे सगळे त्यात येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे अशा गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करताच येत नाही. तक्रारदाराने दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागायची असते. म्हणजे घरी वाट बघत बसण्यात गेलेला महिना निव्वळ वाया गेला. एफआयआरचे तसे नाही. गुन्हा दखलपात्र असेल, तर एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिताकुमारी प्रकरणात स्पष्ट सांगितले. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. हद्द आपली नाही म्हणून कुणी परत पाठवत असेल, तर ‘झिरो एफआयआर’ घ्या म्हणता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत त्याची तरतूदच आहे.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू होऊन २५ वर्षे झाली. त्या काळात शिकलेली मुले आज कमावती आहेत, त्यांची मुले शाळेत आहेत. जोडीला गल्लोगल्ली स्पोकन इंग्लिशचे क्लास आहेत. तिथे हॉटेलात जेवण कसे मागवावे, मुलाखतीत स्वतःची ओळख कशी करून द्यावी, विमानतळावर काय बोलावे, हे घोटून घेतले जाते. ते शिकवू नये असे कुणी म्हणणार नाही. पण त्याच विद्यार्थ्याला रस्त्यात हवालदार अडवतो, मोबाइल चोरीला जातो, भावाला चौकीत बोलावणे येते, तेव्हा कानावर पडणाऱ्या शब्दांपैकी एकही त्याच्या पुस्तकात आलेला नसतो. हे शब्द शाळेत आणि क्लासमध्ये शिकवले गेलेच पाहिजेत. इतर शब्द चुकले तर गुण जातात. हे चुकले तर पैसा, नोकरी आणि कधी कधी माणसाचे स्वातंत्र्य जाते.

आपल्याकडे एफआयआर मराठीतच लिहितात, मग इंग्रजी कशाला, असा प्रश्न कुणी विचारील. कागद मराठीत असतो हे खरे. ठाण्यातले आणि न्यायालयाच्या आवारातले बोलणे मात्र आद्याक्षरांत चालते. ‘दोन दिवसांचा पीसीआर मिळाला’, ‘आज एमसीआर झाला’, असे वकील व्हरांड्यातून जाता जाता सांगतो. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. आरोपीची आई यातल्या दुसऱ्या शब्दाने हबकते, कारण ‘कोठडी वाढली’ एवढेच तिला कळते. प्रत्यक्षात पोलिसांच्या ताब्यातून सुटून तिचा मुलगा तुरुंगात गेलेला असतो आणि व्यवहारात बहुधा तिथूनच जामिनाच्या अर्जाची वाट मोकळी होते. दोन मिनिटे कुणी समजावले असते, तर ती रडत घरी जाण्याऐवजी जामीनदार शोधायला लागली असती.

‘डिटेन’ आणि ‘अरेस्ट’ यांचीही अशीच गल्लत होते. अटक झाली, की राज्यघटनेचे कलम २२ जागे होते: कारण सांगायला हवे, वकील गाठू द्यायला हवा आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करायला हवे. नुसते ‘चौकशीला बसवले आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा नातेवाइकांनी पहिला प्रश्न हाच विचारायचा की अटक दाखवली आहे का आणि किती वाजता. साक्षीदाराचेही तेच. साठीच्या पुढच्या माणसाला, कोणत्याही वयाच्या स्त्रीला आणि पंधरा वर्षांखालच्या मुलाला ‘स्टेटमेंट’साठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी जायचे असते. रस्त्यात अपघात झालेल्याला उचलून रुग्णालयात नेणाऱ्यासाठी ‘गुड समॅरिटन’ हा शब्द २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आला. अशा माणसाला नाव-पत्ता सांगायची किंवा साक्षीदार व्हायची जबरदस्ती करता येत नाही. हा एक शब्द ठाऊक नसल्यामुळे लोक ‘नको ते पोलिसांचे लचांड’ म्हणत पुढे निघून जातात आणि रस्त्यावर पडलेला माणूस पडूनच राहतो.

या अज्ञानावर भामट्यांनी आपला धंदा उभारला आहे. व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेश दिसतो, मागे ठाण्याचा देखावा असतो आणि ‘नॉन-बेलेबल वॉरंट’, ‘मनी लाँडरिंग’, ‘डिजिटल अरेस्ट’ असे शब्द आदळत राहतात. फसलेल्यांत निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक आहेत. उत्तम इंग्रजी बोलणारी ही माणसे. त्यांना नेमका हाच शब्दसंग्रह अपरिचित होता. डिजिटल अरेस्ट नावाची कोणतीही गोष्ट कायद्यात नाही, हे पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये देशाला सांगावे लागले. वॉरंट न्यायालय काढते, पोलीस काढत नाहीत. आणि जामिनासाठी कुणी फोनवरून खात्यात रक्कम भरायला सांगत नाही. एवढे पक्के असेल, तर माणूस फोन ठेवून १९३० हा सायबर मदत क्रमांक फिरवेल.

परदेशी जाणाऱ्या मराठी मुलांना तर याची दुप्पट गरज आहे. आपल्याकडे हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली, की चालक खाली उतरून त्याच्याकडे जातो. ती अदब समजली जाते. अमेरिकेत ‘पुल ओव्हर’ झाल्यावर न सांगता गाडीतून उतरणे पोलिसाला धोक्याचे वाटते. तिथे हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवून बसायचे, कागद काढण्याआधी तसे सांगायचे. ‘टिकट’ म्हणजे तिथे दंडाची पावती. ‘ॲम आय फ्री टू गो?’ हे वाक्य प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असावे. व्हिसासाठी धावपळ करणाऱ्या घरांत यावर अर्धा तासही खर्च होत नाही.

सामान्य माणसाने इंग्रजी शिकावे म्हणजे शासनाची जबाबदारी संपली, असे मुळीच नाही. १९६१ मध्ये नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी एका नागरिकाला स्थानबद्ध केले आणि कारणे इंग्रजीत दिली. त्याला इंग्रजी येत नव्हते, त्याने हिंदी प्रत मागितली. ती नाकारली गेली. ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पोलीस अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगितले होते, हा बचाव १९६२ मध्ये न्यायालयाने फेटाळला आणि त्याची सुटका केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात याच न्यायालयाने सर्व गुन्ह्यांसाठी दंडक घालून दिला: अटकेची कारणे लेखी द्यावीत आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यावीत. कारणांचा तो लेखी कागद मिळवायचा हक्क आपला आहे. पण ‘ग्राउंड्स ऑफ अरेस्ट लेखी द्या’ असे म्हणायला, त्या कागदाला तसे म्हणतात हे आधी माहीत हवे.

सुरुवात करायला नवा अभ्यासक्रम लागत नाही. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन. त्या आठवड्यात शाळांच्या सहली पोलीस ठाण्यात जातात, मुलांना बंदुका, बेड्या, वायरलेस दाखवतात. मुले हरखून जातात, फोटो निघतात. त्याच टेबलावर एक कोरा एफआयआरचा नमुना, एक एनसीची प्रत आणि एक हजर राहण्याची नोटीस ठेवावी. नववीतल्या मुलांकडून ती वाचून घ्यावी, प्रत्येक शब्दाचे इंग्रजी आणि मराठी रूप फळ्यावर लिहावे आणि ठाणे अंमलदारानेच त्यांना सांगावे, की मोबाइल हिसकावला गेला असेल तर ‘गहाळ’ म्हणून लिहू देऊ नका, चोरी म्हणूनच नोंदवायला सांगा.