पेट्रोल अडतें कोठें?

गेल्या महिन्यांत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं लहानसा गृहकलह उपस्थित झाला, आणि त्यांत पंच म्हणून बसण्याचा मान आम्हांस मिळाला. कलहाचें कारण त्यांच्या वडिलांची, १९९१ सालीं नोंदलेली, प्रीमियर पद्मिनी मोटार. घरांतील मंडळी परगांवीं गेल्यामुळें गाडी तीन आठवडे अंगणांत उभी होती. परत येऊन किल्ली फिरविली तों स्टार्टर जोमानें फिरे, पण इंजिन कांहीं केल्या धरीना. जवळच्या एका कारागिरानें झांकण उघडून पाहिलें न पाहिलें, आणि "कार्बुरेटर गेला, नवा घालावा लागेल," असा निकाल दिला. मुलें म्हणालीं, त्यापेक्षां गाडीच भंगारांत द्यावी. अण्णांनीं, म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या वडिलांनीं, वयाचीं ऐंशी वर्षें ओलांडलेलीं आहेत. ते कांहींच बोलले नाहींत; पण त्या रात्रीं ताकभात न घेतांच पानावरून उठले, असें वहिनींनीं आम्हांस हळूच सांगितलें.

त्यांत आणखी एक अडचण होती. खासगी मोटारीची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांची असते, व पुढें दर पांच वर्षांनीं गाडी तपासणीस नेऊन ती वाढवून घ्यावी लागते. ही तपासणी नऊ दिवसांवर आलेली. तोंवर गाडी सुरू न झाली तर मुलांचें म्हणणें वादाशिवायच खरें ठरणार होतें.

कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली ही मोटार एके काळीं मध्यमवर्गीय घरांत केवढ्या कौतुकाची होती, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतूनही ती २०२३ च्या ऑक्टोबरांत कायमची गेली. तथापि अशा गाड्या राखून असलेलीं घरें अद्याप पुष्कळ आहेत, आणि दीर्घ विश्रांतीनंतर न उठण्याचा त्यांचा रोगही सर्वत्र सारखाच आहे. म्हणून त्या दिवशीं आम्हीं काय केलें तें थोडें विस्तारानें सांगतों.

गाडी सुरू होत नाहीं म्हणजे दोष पेट्रोलाचाच, असें धरून चालणें ही पहिली चूक होय. इंजिनाला हवेंत मिसळलेलें पेट्रोल हवें, तें दाबलें जावयास हवें, आणि नेमक्या वेळीं ठिणगी पडावयास हवी. तेव्हां प्रथम ठिणगी पाहावी, आणि तीही पेट्रोलाची कोणतीही नळी सोडण्यापूर्वी. आम्हीं एक प्लग काढला. तो अगदीं कोरडा होता. त्यास पेट्रोलाचा वासही नव्हता. तोच त्याच्या तारेस जोडून इंजिनाच्या लोखंडास टेंकविला आणि नातवाकडून किल्ली फिरवून घेतली, तों टचटचीत निळी ठिणगी पडली. एवढ्यानें अर्धा वाद मिटला. ठिणगी आहे आणि प्लग कोरडा आहे, त्या अर्थीं पेट्रोल वाटेंत कोठें तरी अडलें आहे. प्लग भिजलेला निघता तर मात्र आम्हांस अगदीं उलट दिशेनें जावें लागलें असतें.

आतां ही वाट कशी आहे तें पाहूं. टाकी गाडीच्या मागील अंगास, आणि इंजिनापेक्षां खालीं. तेथून धातूची बारीक नळी गाडीच्या पोटाखालून पुढें येते. तिच्या टोंकास रबरी नळीचा तुकडा, आणि पुढें इंजिनाच्या अंगावर बसविलेला पंप. या पंपांत लवचीक पडदा असतो. इंजिन फिरूं लागलें कीं एक दांडी त्या पडद्यास खालींवर हालविते, आणि पेट्रोल ओढून वर कार्बुरेटरांत ढकललें जातें. कार्बुरेटरांत एक लहान वाटी असते व तींत तरंगता गोळा. घरावरच्या पाण्याच्या टाकींत जसा गोळ्याचा नळ असतो तशीच ही योजना: वाटी भरली कीं गोळा वर येऊन सुईनें पेट्रोलाचें तोंड बंद करतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली म्हणजे या वाटींतलें पेट्रोल उडून जातें. म्हणून जुनी गाडी प्रथम थोडी अधिक फिरवावी लागते. पण थोडी, पंधरा मिनिटें नव्हे. तितक्यांत बॅटरीच बसते, आणि मग एका दुखण्याचीं दोन होतात.

हवेच्या गाळणीचें झांकण काढून आम्हीं विजेच्या बत्तीनें कार्बुरेटरच्या घशांत पाहिलें, व हातानें अॅक्सिलरेटरचा दांडा ओढला. असें केलें असतां आंत पेट्रोलाची बारीक पिचकारी उडावयास हवी. उडाली नाहीं. वाटी रिकामी होती. येथें कारागिराच्या निदानाचें कारण दिसलें. पण कार्बुरेटर रिकामा असणें आणि कार्बुरेटर बिघडलेला असणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. रांजण कोरडा दिसला म्हणून कोणी रांजण फोडीत नाहीं. विहिरीवरून पाणी कां आलें नाहीं हें आधीं पाहतो.

यापुढील कामाविषयीं एक ताकीद. गाडी उघड्यावर असावी, जवळ विडीकाडी, निरांजन, शेगडी कांहीं नसावें, आणि कॉइलला वीज पुरविणारी तार सोडून ठेवावी, म्हणजे इंजिन फिरवितांना ठिणगी पडणार नाहीं. तोंडानें नळी ओढून पेट्रोल आणण्याची पुष्कळांस खोड असते. पोटांत गेलेल्या पेट्रोलापेक्षां फुप्फुसांत उतरलेलें पेट्रोल अधिक घातक, हें घरांतील तरुणांस बजावून ठेवावें. कार्बुरेटरमध्यें चमचाभर पेट्रोल ओतून इंजिन धरतें कीं नाहीं हें पाहण्याची एक रीत कारखान्यांत चालते. ती खरी आहे; पण इंजिनानें उलट शिंक दिली तर ज्वाळा तोंडावर येते, सबब गृहस्थास ती आम्ही सुचविणार नाहीं.

कार्बुरेटरास येणारी नळी सोडून तिचें तोंड पत्र्याच्या डब्यांत धरलें व इंजिन फिरविलें. पंप चालू असेल तर थेंब नव्हे, चांगल्या उचक्या देत पेट्रोल यावें. कांहींच आलें नाहीं. म्हणजे कार्बुरेटर तूर्त निर्दोष सुटला. अण्णा इतका वेळ झोपाळ्यावर होते. ते उठून जवळ येऊन उभे राहिले.

आतां आरोपी पंप कीं टाकीकडील वाट? येथें आमचीच चूक सांगितली पाहिजे. पंपांतील पडदा फाटला असणार असें आम्हीं मोठ्या ऐटींत सांगून टाकलें. वस्तुतः पडदा फाटला असतां पेट्रोल बहुधा इंजिनाच्या तेलांत उतरतें, व तेल मोजण्याच्या पट्टीस त्याचा वास येतो. पट्टीस तसा वास नव्हता. तरीही आम्ही हट्टास पेटलों होतों. शेवटीं सुनेनें विचारलें, "पंपाला दुसरीकडून पेट्रोल देऊन पाहिलें तर?" घरांत सर्वांत सरळ बुद्धि त्या मुलीचीच ठरली. पंपाच्या ओढणाऱ्या तोंडास नव्या नळीचा तुकडा लावून तो स्वच्छ पेट्रोलाच्या डब्यांत सोडला आणि किल्ली फिरविली. दुसऱ्या तोंडांतून भरपूर पेट्रोल उसळलें. पंप धडधाकट!

मग टाकीकडील नळी चोंदली असावी. टाकीचें झांकण उघडून पुढील टोंकाकडून सायकलच्या पंपानें हलकेच हवा घातली, तों टाकींत बुडबुडे स्पष्ट ऐकूं आले. म्हणजे वाटही मोकळी, आणि टाकींत पेट्रोलही आहे. (कांट्यावर विश्वासूं नये. जुन्या गाडीचा कांटा पुष्कळदां टाकीपेक्षां मालकाच्या इच्छेप्रमाणें चालतो.) पंप चांगला, नळी मोकळी, पेट्रोल हजर, आणि तरी येत नाहीं! उरला तो मधला रबरी तुकडा. तो काढून वांकविला तेव्हां त्याच्या कडेस केंसासारख्या चिरा दिसल्या. ही बाजू ओढण्याची असल्यामुळें चिरेंतून पेट्रोल गळत नाहीं, उलट बाहेरची हवा आंत जाते; सरबताच्या नळीस भोंक पडलें असतां जसें होतें तसेंच. जमिनीवर डाग नसल्यानें कोणासही संशय आला नव्हता.

रबर वयानें व इंजिनाच्या उष्णतेनें कडक होतेंच. त्यांत २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल येऊं लागलें, आणि जुन्या जातीच्या रबराला तें मानवत नाहीं. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. गाडी दीर्घकाळ उभी राहिली व पाणी अधिक झालें तर तें इथेनॉलासह टाकीच्या तळाशीं बसतें, आणि नळी ओढते ती तळाचेंच. म्हणून अशा गाडीच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घालाव्या, आणि आठवड्यांतून एकदां तरी गाडी फिरवून आणावी.

इतर दोषांचा उल्लेख ओझरताच करतों. पेट्रोलाचा दर्प येत असून प्लग भिजलेले असतील तर वाटीची सुई अडकून पूर आलेला असतो. अशा वेळीं चोक न ओढतां अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून इंजिन फिरवावें, पुन्हापुन्हा दाबूं नये. चालतां चालतां गाडी मरते आणि टाकीचें झांकण उघडतांच सुस्कारा ऐकूं येतो, तर झांकणाचें हवेचें छिद्र बुजलें आहे. आणि वैशाखांत खंडाळ्याच्या घाटांत पंपावर ओला पंचा टाकून बसलेले प्रवासी ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस नळींत पेट्रोलाची वाफ अडते म्हणजे काय हें समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

वीतभर नवी नळी आणि दोन पट्ट्या आणावयास थोरला नातू गेला. नळी बसविल्यावर कॉइलची तार पुन्हा जोडली, चोक ओढला, आणि किल्ली अण्णांच्या हातीं दिली. पहिल्या खेपेस कांहीं झालें नाहीं. वाटी भरावयास वेळ लागतो. दुसऱ्या खेपेस इंजिन खोकलें, तिसऱ्या खेपेस धरलें. अण्णांनीं चोक हळूहळू आंत लोटला आणि खिडकींतून मुलास विचारलें, "तपासणी किती तारखेला म्हणालास?"

गाडी तपासणींत उतरली. टाकी उतरवून धुण्याचें काम मात्र अद्याप राहिलें आहे, आणि तें दिवाळीपूर्वी झालें पाहिजे असें आम्हीं त्यांस सांगून ठेविलें आहे.