गहू बंद करण्याआधी रक्त तपासा

मा. संपादक,


मुलांच्या पोटाच्या तक्रारींवर 'महिनाभर गहू बंद करून बघा' असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारा माणूस म्हणून माझी त्याला सक्त हरकत आहे.

सिलिॲक आजारात गहू-बार्लीतल्या ग्लुटेनमुळे मुलाची प्रतिकारशक्ती त्याच्याच लहान आतड्यावर उलटते. त्या वेळी रक्तात वाढणाऱ्या 'टीटीजी आयजीए' या अँटिबॉडी आम्ही मोजतो. गहू थांबला की त्या उतरू लागतात आणि काही महिन्यांत रिपोर्ट निगेटिव्हही येऊ शकतो. मग निदानासाठी त्याच पोराला पुन्हा काही आठवडे पोळ्या चारायच्या आणि त्याचं पोट दुखताना बघत बसायचं. हा उपद्व्याप हवाच कशाला?

दुसरी फसगत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच होते. सिलिॲक असलेल्या शंभरांतल्या दोघा-तिघांच्या शरीरात मुळात आयजीएच जवळपास तयार होत नाही. अशा मुलाचं टीटीजी आयजीए दहादा केलं तरी आकडा खालीच राहणार. म्हणून सोबत एकूण आयजीए मोजायचं असतं आणि ते कमी निघालं तर आयजीजीवर आधारलेली चाचणी करायची असते. आमच्या काउंटरवर मात्र नुसतं 'टीटीजी' लिहिलेल्या चिठ्ठ्या येतात. लोहाचं औषध वर्षभर घेऊनही हिमोग्लोबिन हलत नाही, उंची वाढत नाही, अशा मुलांच्याही! महागडी एचएलए जनुक चाचणी करून घाबरणारे पालक वेगळेच. ती जनुकं तीसेक टक्के निरोगी लोकांतही सापडतात; ती नसली तर सिलिॲक जवळपास नाहीच, एवढाच तिचा उपयोग.

'युरोपात आतड्याची बायॉप्सी लागत नाही, मग इथे का?' असंही विचारलं जातं. तिथल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या 2020च्या नियमावलीत ही सूट आहे, पण टीटीजी नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या किमान दसपट हवं आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए ही आणखी एक अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्ह हवी. आपल्याकडे प्रत्येक लॅबचं किट वेगळं. एकीकडची दसपट दुसरीकडे पाचपटही भरेल. ईएमए तर खास सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी वाचावं लागतं, तिथे सराव लागतो. बायॉप्सीसाठीच्या दुर्बिणीची धास्ती मला कळते. पण जन्मभराचं पथ्य एका आकड्यावर लादणं मला पटत नाही. तज्ज्ञ बायॉप्सी सांगत असतील तर करावी.

हा पंजाब-हरियाणाचा आजार म्हणून हात झटकण्यातही अर्थ नाही. उत्तरेत शंभरात एकाच्या आसपास त्याचं प्रमाण आढळलंय, दक्षिणेत ते बरंच कमी आहे हे खरं. पण भाकरीच्या मुलखातल्या पोरांच्या डब्यातही आता पोळी आणि बिस्किटंच असतात.

आहारविषयक लेख छापताना 'आधी तपासणी, मग पथ्य' एवढी ओळ तरी आपण घालावी. आणि पालकहो, या तपासणीला उपाशीपोटी यावं लागत नाही. मुलाला नेहमीसारखी पोळी खाऊ घालूनच आणा.

आपला,
एक लॅब तंत्रज्ञ, नाशिक