वरून ओतलेलं पाणी

सध्या आमच्याकडे रात्रीची जेवणं लवकर आटोपतात. कारण आईचं वाचन. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला आता बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून माझी कॉलेजात जाणारी मुलगी आजीला रोज तासभर वाचून दाखवते. मी आपला कोपऱ्यातल्या खुर्चीतला फुकटचा श्रोता!

सुरुवात केली लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ने. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेलं हे आत्मचरित्र. वडिलांना सोवळ्याचं इतकं वेड, की घरात मीठसुद्धा धुऊन घेतलं जाई. हे ऐकून आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पुढे १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंची ताटातूट सुरू झाली, तेव्हा तिचं हसू मावळलं. या बाईंचं मोठेपण असं, की जातिभेद माणसाने केला, देवाने नव्हे, हे त्यांना बाप्तिस्म्याच्या आधीच, स्वतःच्या विचाराने उमगलं. "धीराची गं बाई," आई म्हणाली.

या आठवड्यात मुलीने दया पवारांचं 'बलुतं' काढलं. हे १९७८ सालचं पुस्तक. गावकीची कामं, त्याबदल्यात पदरात पडणारं बलुतं आणि मुंबईच्या कावाखान्यातले दिवस. लेखक इथे स्वतःलाच समोर बसवून बोलतं करतो. आई एरवी मध्ये मध्ये बोलते. या वेळी गप्प होती. मला वाटलं, डोळा लागला असेल.

तिसऱ्या रात्री तिने हातानेच खूण करून वाचन थांबवलं. म्हणाली, "आपल्या वाड्यावर लाकडं फोडायला एक जण यायचे. दुपारी पाणी मागायचे. मी ओट्यावर उभी राहून त्यांच्या ओंजळीत वरून ओतायची. तांब्याचा स्पर्श होऊ नये म्हणून उंचावरून. पाणी निम्मं मातीत जायचं."

"त्यांचं नाव काय होतं, आजी?" मुलीने विचारलं.

आई बराच वेळ छताकडे पाहत राहिली. "नाव कोण विचारत होतं गं तेव्हा?"

आईचं लग्न १९६१ सालचं. राज्यघटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नाहीशी केली ती १९५० साली. म्हणजे आमच्या ओट्यापर्यंत घटना अकरा वर्षांतही पोचली नव्हती! 'तेव्हा पद्धतच तशी होती' हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण मीठ धुणाऱ्या घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनाही पद्धत तीच होती. त्यांनी ती मोडली. मग माझं वाक्य मी गिळलं. धुतलेल्या मिठाला हसणं सोपं असतं. तेच सोवळं आपल्या ओट्यावर उभं असतं, तेव्हा ते दिसत नाही.

मुलांना काय वाचायला द्यावं, असं ओळखीचे आईवडील मला विचारतात. त्यांना बहुधा संस्कार करणारी, यशाच्या वाटा दाखवणारी पुस्तकं हवी असतात. ती जरूर द्यावीत. पण घरातल्या थोरांना कबुली द्यायला लावणारं पुस्तकही मुलांच्या कानांवर पडलं पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. 'जुन्या जखमा कशाला उकरायच्या?' असं कोणी म्हणेल. जखम ज्याची, त्याने हे म्हणावं. आपण तर पाणी ओतणारे.

तेव्हा या आठवड्यासाठी माझी शिफारस दोन पुस्तकांची: आधी 'स्मृतिचित्रे', मग 'बलुतं'. क्रम बदलू नका. आणि एकेकट्याने वाचू नका. घरात मोठ्याने वाचा. सवड कमीच असेल, तर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. धनगरांच्या वाडीवर शिकवायला गेलेला तरुण मास्तर आधी माणसं वाचायला शिकतो, त्याची ही छोटीशी कादंबरी. पुढचा पाळीचा मान आमच्याकडे तिचाच आहे.

'बलुतं' अजून संपलेलं नाही. त्या रात्रीनंतर आता वाचन थांबवू या का, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, "नको. सगळं ऐकू दे मला."